सिएटल मरिनर्सचा २००१ चा हंगाम: हा तक्ता कसा वाचायचा?

काका, नमस्कार. आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो. निवृत्तीनंतर तुम्ही मुलाकडे सिएटलला आलात. आयुष्यभर क्रिकेट पाहिलंत, आणि इथे नातवाने तुमच्या पुढ्यात मरिनर्स या इथल्या बेसबॉल संघाचा २००१ सालचा तक्ता ठेवला. १६२ सामने, ११६ विजय, ४६ पराभव. तुम्ही विचारलंत की अडीच वर्षांत तीन महान खेळाडू गमावलेला संघ इतका जिंकला कसा, या सरासऱ्यांचा अर्थ काय लावायचा, इचिरो खरंच त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू होता का, आणि एवढं करून हा संघ वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम फेरीत, का नव्हता.

प्रश्न माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे. मुंबईत असताना मी कांगा लीगचे सामने लिहायचो, ऐन पावसाळ्यात, वही प्लास्टिकच्या पिशवीखाली धरून. २००० साली इथे आलो आणि २००१ हा मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलेला पहिला बेसबॉल हंगाम. गेली वीसहून अधिक वर्षं इथल्या शाळकरी मुलांच्या सामन्यांचा स्कोअरर म्हणून बसतो आहे. तेव्हा उत्तर जरा लांबेल.

सुरुवात सरासरीपासून करू, कारण क्रिकेटवाला माणूस नेमका तिथेच अडतो. आपल्याकडे सरासरी म्हणजे एकूण धावा भागिले किती वेळा बाद. इथे सरासरी म्हणजे हिट्स भागिले संधी. हिट म्हणजे ज्या फटक्यावर बॅटर सुखरूप बेसवर पोहोचतो तो; बेस म्हणजे मैदानातली ठाणी, तीन ठाणी ओलांडून घरी परतलं की एक धाव. इचिरो सुझुकीने त्या वर्षी ६९२ संधींमध्ये २४२ हिट्स मारल्या, म्हणजे ०.३५०. बोलताना शून्य आणि टिंब गाळून आपण सरळ ‘साडेतीनशे’ म्हणतो. हजारातल्या साडेतीनशे. तीनशेच्या वर गेलेला बॅटर चांगला, साडेतीनशेचा दुर्मीळ.

पण या सरासरीत एक मोठं भोक आहे. पिचरने, म्हणजे इथल्या गोलंदाजाने, चार चेंडू स्ट्राइकच्या पट्ट्याबाहेर (बॅटरसमोरच्या ठरलेल्या चौकटीबाहेर) टाकले आणि बॅटरने ते शांतपणे सोडले, तर त्याला पहिला बेस फुकट मिळतो. याला वॉक म्हणतात, आणि तो सरासरीत धरतच नाहीत. त्या पलीकडचा रकाना बघा, ऑन-बेसचा. बॅटर शंभरातून किती वेळा बाद न होता बेसवर पोहोचला, ते तिथे कळतं. हा रकाना जास्त महत्त्वाचा का, हे समजलं की अर्धा तक्ता उलगडतो.

बेसबॉलमध्ये संघाला नऊ इनिंग्जमध्ये मिळून २७ आउट मिळतात. बाद झालेला बॅटर कायमचा तंबूत जात नाही, बाकीचे आठ जण खेळून झाले की पुन्हा येतो. म्हणून इथल्या आउटची तुलना क्रिकेटच्या विकेटशी करू नका. ट्वेंटी-२० मधल्या निर्धाव चेंडूशी करा. एकूण १२० चेंडूंतला एक वाया गेला, तसा २७ मधला एक आउट खर्ची पडला. जो बॅटर कमी आउट खर्च करतो, तो पाठीमागच्यांना जास्त संधी देतो. आता एडगर मार्टिनेझची ओळ बघा. सरासरी ०.३०६, इचिरोपेक्षा बरीच कमी. ऑन-बेस मात्र ०.४२३, इचिरोचा ०.३८१. तेव्हा ३८ वर्षांचा असलेला हा माणूस क्षेत्ररक्षणाला उतरतच नसे, फक्त बॅट घेऊन यायचा. पण पट्ट्याबाहेरच्या चेंडूला हात न लावण्याचा त्याचा संयम पाहताना मला कसोटीतला सलामीवीर आठवायचा. २०१९ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, बऱ्याच उशिरा.

आता गेलेल्या तिघांकडे येऊ. पिचर रँडी जॉन्सन जुलै १९९८ मध्ये ह्यूस्टनला गेला. केन ग्रिफी ज्युनियर फेब्रुवारी २००० मध्ये सिनसिनाटीला. आणि २००० चा हंगाम संपल्यावर अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझने टेक्सासशी दहा वर्षांचा २५ कोटी २० लाख डॉलरचा करार केला. सिएटलमध्ये हळहळ होती आणि रागही होता. रॉड्रिगेझने २००१ मध्ये टेक्सासकडून ५२ होमरन (आपल्या षटकारासारखे फटके) मारले. त्याचा संघ ७३ सामने जिंकला आणि ८९ हरला.

मरिनर्स संघ २००० मध्ये काही वाईट नव्हता, ९१ विजय होते. मग वर्षभरात २५ विजय वाढले कुठून? विजय-पराभव बाजूला ठेवा आणि केलेल्या व दिलेल्या धावा बघा. २००० मध्ये संघाने ९०७ धावा केल्या आणि ७८० दिल्या. २००१ मध्ये ९२७ केल्या आणि ६२७ दिल्या. पहिल्या नजरेला वाटतं की बॅटिंग तेवढीच राहिली, सगळी किमया धावा रोखण्यात झाली. मीही बरीच वर्षं असंच सांगत फिरलो, आणि ते चुकीचं होतं.

कारण २००१ मध्ये अख्ख्या अमेरिकन लीगमध्येच, म्हणजे मरिनर्स ज्या गटात खेळतात त्यात, धावा आटल्या. त्या वर्षी अंपायरांना स्ट्राइकचा पट्टा नियमाप्रमाणे वरपर्यंत धरायला सांगितलं होतं. लीगमधला संघ २००० मध्ये सामन्यामागे सरासरी ५.३० धावा करत होता, तो २००१ मध्ये ४.८६ वर आला. १६२ सामन्यांनी गुणा. २००० मधला सर्वसाधारण संघ साधारण ८५९ धावांचा, २००१ मधला ७८७ चा. या मापाने मोजलं तर सिएटलने २००० मध्ये सर्वसाधारण संघापेक्षा ४८ धावा जास्त केल्या होत्या, २००१ मध्ये १४० जास्त. रोखलेल्या धावा २००० मध्ये ७९ होत्या, २००१ मध्ये १६०. म्हणजे सुधारणा दोन्हीकडे जवळपास सारखीच, बॅटिंगमध्ये किंचित जास्त! ओली खेळपट्टी आणि पाटा खेळपट्टी यांवरची दोन शतकं आपण एकाच तराजूत तोलत नाही ना, तसंच हे. कुठल्याही वर्षाची ओळ त्याच वर्षाच्या लीगशेजारी ठेवूनच वाचायची.

धावांवरून विजयांचा अंदाज काढायचं एक सूत्र आहे. केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. वर्गाऐवजी १.८३ हा घात घेतला तर उत्तर जास्त नेमकं येतं. त्या सूत्राने २००० च्या संघाचे ९२ विजय होतात आणि २००१ च्या संघाचे १०९. खरोखरची वाढ १७ विजयांची. १०९ च्या वरचे सात अटीतटीच्या सामन्यांनी दिले, म्हणजे थोडं नशीब आणि थोडा शेवटच्या इनिंग्जमध्ये येणाऱ्या पिचरांचा दम. आर्थर ऱ्होड्सचा त्या वर्षीचा हिशेब आठ विजय, शून्य पराभव. काझुहिरो सासाकीने ४५ सामने शेवटी येऊन राखले. १०९ विजयांचा संघही अफाटच असतो. त्याला दैवाने हात दिला आणि ११६ झाले.

बॅटिंगच्या वाढीतला सर्वांत मोठा वाटा ब्रेट बूनचा. २००० मध्ये सॅन डिएगोकडून त्याची सरासरी ०.२५१ होती आणि होमरन १९. सिएटलला आला आणि ०.३३१, ३७ होमरन, १४१ आरबीआय. आरबीआय म्हणजे त्याच्या फटक्यावर घरी पोहोचलेल्या धावा, आणि १४१ हा त्या वर्षी लीगमधला सर्वांत मोठा आकडा. पण हा रकाना पाहताना सावध राहा. बॅटर येतो तेव्हा बेसवर माणसं उभी असतील तरच तो त्यांना घरी आणणार. बूनच्या आधी इचिरो, मार्टिनेझ आणि ऑन-बेस ०.४०१ असलेला जॉन ओलेरुड खेळून गेलेले असायचे. बेस भरलेलेच असायचे म्हणा ना. बून उत्तम खेळला यात वाद नाही, पण त्या १४१ मध्ये इतर तिघांची कमाई मिसळलेली आहे.

आता माझ्या सगळ्यात आवडीच्या भागाकडे येतो. स्कोअररच्या वहीत प्रत्येक बॅटरसाठी एक चौकोन असतो आणि चौकोनात छोटा हिरा. बॅटर जितक्या बेसपर्यंत पोहोचला तितक्या बाजू पेन्सिलीने गिरवायच्या. क्षेत्ररक्षकांना आकडे ठरलेले आहेत. पिचर १, कॅचर २, पहिल्या बेसवरचा ३, दुसऱ्या ४, तिसऱ्या ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला) ६, लेफ्ट फिल्डर ७, सेंटर ८, राईट ९. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून पहिल्या बेसवर फेकला आणि बॅटर बाद झाला, की ६-३. दिवसभरात ६-३, ४-३ शंभरदा लिहिलं जातं.

११ एप्रिल २००१ रोजी ओकलंडमध्ये सामना होता. मी घरी टीव्हीसमोर वही घेऊन बसलो होतो, हात बसावा म्हणून. आठवी इनिंग. ओकलंडचा टेरेन्स लाँग पहिल्या बेसवर, रॅमोन हर्नांडेझने उजवीकडे फटका मारला. लाँगने दुसरा बेस ओलांडला आणि तिसऱ्याकडे सुटला. अशा फटक्यावर पहिल्यावरून तिसऱ्यावर जाणं नेहमीचंच. इचिरोने पुढे येऊन चेंडू उचलला आणि फेकला. तो चेंडू वर चढलाच नाही. दोरी ताणल्यासारखा सरळ आला आणि तिसऱ्या बेसवरच्या डेव्हिड बेलच्या ग्लोव्हमध्ये बेसच्या अगदी लगत विसावला. लाँग आपणहून त्या ग्लोव्हवर घसरत आला. मी वहीत ९-५ लिहिलं. तोवर मी हे दोन आकडे असे शेजारीशेजारी कधी लिहिलेच नव्हते. ती वही अजून माझ्याकडे आहे.

त्या फेकीमुळे इचिरोच्या खात्यावर एक ‘असिस्ट’ (बाद करण्यात मदत) चढला, बस्स. पण त्यानंतर कितीतरी धावक उजवीकडच्या फटक्यावर दुसऱ्या बेसपाशीच थांबू लागले. जो धावक पळालाच नाही त्याच्यासाठी वहीत रकाना नाही. आणि मधल्या मैदानात माइक कॅमेरॉन होता. त्या वर्षी त्याला आणि इचिरोला, दोघांनाही गोल्ड ग्लोव्ह हा क्षेत्ररक्षणाचा सन्मान मिळाला. त्यांनी धावत जाऊन पकडलेले चेंडू तुम्हाला तक्त्यात शोधायचे असतील, तर ते पिचरांच्या ओळीत सापडतील.

जेमी मोयर बघा. वय ३८, आणि वेग आपल्या मध्यमगती गोलंदाजाएवढा, ताशी १३०-१३५ किलोमीटरच्या घरात. २००० मध्ये त्याचा ईआरए ५.४९ होता, म्हणजे दर नऊ इनिंग्जमागे साडेपाच धावा. २००१ मध्ये ३.४३, आणि २० विजय, ६ पराभव. वर्षभरात त्याचा हात काही बदलला नव्हता. मोयर बॅटरला चुकीच्या क्षणी बॅट फिरवायला लावायचा, चेंडू हवेत आरामात उडायचा, आणि खाली कॅमेरॉन किंवा इचिरो उभा असायचा. त्याच्या सुधारणेत लीगभर वाढलेल्या स्ट्राइकच्या पट्ट्याचा वाटा आहे, त्याच्या डोक्याचा आहे, आणि मागच्या क्षेत्ररक्षणाचा मोठा आहे.

ईआरएबद्दल एक खुलासा. यात फक्त पिचरच्या खऱ्या खात्यावरच्या धावा धरतात. क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे झालेल्या धावा वगळतात. आणि ती चूक होती की चांगला फटका होता, हे ठरवतो स्कोअरर. मुलांच्या सामन्यात माझ्यावर दर आठवड्याला ही वेळ येते. शॉर्टस्टॉपच्या ग्लोव्हला लागून चेंडू सुटतो, बॅटरची आई मागे वळून माझ्याकडे बघते, शॉर्टस्टॉपचे वडीलही बघतात. मी एकच कसोटी लावतो: या वयाच्या साधारण खेळाडूने नेहमीच्या प्रयत्नात तो अडवला असता का? मग एच (हिट) किंवा ई (चूक) लिहितो आणि मान खाली घालून पुढच्या चेंडूकडे लक्ष देतो. व्यावसायिक सामन्यांतही माणूसच हे ठरवतो, म्हणून दोन ईआरएंमधल्या दुसऱ्या दशांश स्थळाच्या फरकावरून भांडू नये.

पिचरच्या विजय-पराभवांवर तर मुळीच विसंबू नका. पॉल अ‍ॅबट १७-४, फ्रेडी गार्सिया १८-६. वाचून दोघे सारखेच वाटतात. पण अ‍ॅबटचा ईआरए ४.२५ आणि गार्सियाचा ३.०५, लीगमधला सर्वांत कमी. अ‍ॅबट चेंडू टाकायचा तेव्हा त्याच्या मागे ९२७ धावांची बॅटिंग होती, म्हणून चार-पाच धावा देऊनही तो जिंकून जायचा. त्याच्या मेहनतीला मी कमी लेखत नाही, पण १७ हा आकडा संघाचा आहे.

आता इचिरो. जपानमध्ये ओरिक्सकडून खेळताना १९९४ ते २००० अशी सलग सात वर्षं त्याची सरासरी त्यांच्या लीगमध्ये अव्वल होती. तरी इथे बरेच जण म्हणत होते की एवढा सडपातळ माणूस अमेरिकन पिचिंगपुढे टिकायचा नाही. पहिल्याच वर्षी २४२ हिट्स, नवोदिताचा विक्रम, आणि १९३० नंतरचा एका हंगामातला सर्वांत मोठा आकडा. ५६ बेस चोरले, म्हणजे फटक्याची वाट न पाहता पुढच्या बेसवर पळून गेला. सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू हे दोन्ही सन्मान एकाच वर्षी याआधी फक्त फ्रेड लिनला, १९७५ मध्ये मिळाले होते.

तरीही तुमच्या प्रश्नाला माझं प्रामाणिक उत्तर असं, की बॅटचाच हिशेब केला तर त्या वर्षी ओकलंडचा जेसन जिआम्बी पुढे होता. त्याचा ऑन-बेस ०.४७७, १२९ वॉक, ३८ होमरन. त्याने ५२० संधींत ३४२ वेळा आउट खर्च केला, इचिरोने ६९२ मध्ये ४५० वेळा. इचिरोच्या २४२ हिट्सपैकी १९२ एकेका बेसच्या होत्या. मतदानही अटीतटीचं झालं, इचिरोला २८९ गुण, जिआम्बीला २८१, आणि तिसरा आपला बून. पाय आणि हात जमेस धरले की अंतर खूप कमी होतं, पण मला मत असतं तर मी जिआम्बीला दिलं असतं. इचिरोवर माझं जिवापाड प्रेम आहे, २०२५ मध्ये ३९४ पैकी ३९३ मतांनी तो हॉल ऑफ फेममध्ये गेला तेव्हा माझे डोळे भरून आले होते, आणि तरी हे मत मी बदललेलं नाही.

शेवटचा प्रश्न, जो या गावाला अजून सलतो. ११६ विजय याआधी एकाच संघाने मिळवले होते, १९०६ च्या शिकागो कब्जने, आणि त्यांनी तर १५२ सामन्यांतच ११६ जिंकले होते. तेही वर्ल्ड सिरीज हरले. हा योगायोग वाटतो, पण गणित करून बघा. समजा तुमचा संघ इतका चांगला आहे की तगड्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धही दहापैकी सहा सामने जिंकेल. पाच सामन्यांची फेरी तो शंभरातून ६८ वेळा जिंकेल, सात सामन्यांची ७१ वेळा. अशा तीन फेऱ्या ओळीने जिंकायच्या तर शंभरातून फक्त ३४ वेळा जमेल. १६२ सामने संघाचा कस दाखवतात. पाच-सात सामने तो आठवडा दाखवतात.

आणि तो हंगाम साधा नव्हता. ११ सप्टेंबरनंतर आठवडाभर खेळ थांबला. १९ सप्टेंबरला मरिनर्सनी विभाग जिंकला तेव्हा जल्लोष झाला नाही. खेळाडू राष्ट्रध्वज घेऊन मैदानात चालत गेले आणि गुडघ्यांवर बसले.

पहिल्या फेरीत क्लीव्हलंडने त्यांना पाच सामन्यांपर्यंत ताणलं. याच क्लीव्हलंडने ५ ऑगस्टला १४-२ अशा पिछाडीवरून ११ इनिंग्जमध्ये १५-१४ असा सामना काढला होता. मरिनर्सचा व्यवस्थापक पिनेला याने आघाडी पाहून इचिरो, मार्टिनेझ अशा प्रमुखांना विश्रांती दिली होती. पहिल्या फेरीत इचिरोने २० संधींत १२ हिट्स मारल्या. पुढच्या फेरीत न्यूयॉर्कच्या यांकीजविरुद्ध १८ मध्ये ४. तुमचा नातू म्हणतो तसं ‘दडपणाखाली ढासळला’ असं मी म्हणणार नाही. १८ संधींमध्ये दोन चेंडू हातभर इकडेतिकडे पडले असते तर चारचे सहा झाले असते आणि सरासरी ०.३३३ दिसली असती.

यांकीजनी ती फेरी ४-१ ने जिंकली. पण पाच सामन्यांच्या धावा मोजा, यांकीज २५, मरिनर्स २२. तिसरा सामना सिएटलने १४-३ असा घेतला आणि तिथेच आपल्या धावा उधळल्या. चौथा सामना खरा घाव होता. आठव्या इनिंगमध्ये बूनच्या होमरनने १-० आघाडी. त्याच इनिंगच्या उत्तरार्धात यांकीजच्या बर्नी विल्यम्सने ऱ्होड्सला होमरन मारून बरोबरी केली. नवव्यात त्यांच्याच अल्फोन्सो सोरियानोने सासाकीला होमरन मारला आणि सामना संपला. वर्षभर ज्या दोघांनी शेवटच्या इनिंग्ज राखल्या, त्याच दोघांवर हे दोन फटके बसले. पाचवा सामना १२-३ ने गेला.

वर्ल्ड सिरीजमध्ये यांकीजना सातव्या सामन्यात अ‍ॅरिझोनाने हरवलं. त्या चारपैकी तीन विजय एकाच पिचरच्या नावावर आहेत: सिएटलने १९९८ मध्ये जाऊ दिलेल्या रँडी जॉन्सनच्या.

नातवाबरोबर मैदानावर जाल तेव्हा तिसऱ्या बेसच्या बाजूची तिकिटं घ्या आणि एक पेन्सिल बरोबर ठेवा. कोरी वही मी देतो.